तक्रार क्रमांक चारशे बारा

१

तक्रारखात्याचे प्रमुख, तक्रारसाहेब, खुर्चीत बसल्या जागी गेले, तो दिवस शहरातल्या इतर दिवसांसारखाच नीटनेटका होता. अकराच्या ठोक्याला रस्त्यारस्त्यावरच्या कर्ण्यांतून रोजचा मऊ आवाज आला, “आज शहरात नोंदलेल्या तक्रारी, शून्य.” अकरा वर्षं लोक हे ऐकत होते. कुणी मानही वर करत नसे. पण त्या दिवशी तो शून्य ज्यांच्या खात्याचा होता, ते गृहस्थ मान खांद्यावर टाकून थंड पडायला लागले होते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांचे दुय्यम आत गेले आणि आल्या पावली बाहेर आले. सगळं खातं त्यांना ‘धाकटे साहेब’ म्हणायचं. पुढच्या दोन मिनिटांत केंद्रानं निकालही दिला. केंद्र म्हणजे शहराचा सगळा कारभार बघणारी यंत्रणा. प्रत्येकाच्या मनगटावरचा पट्टा आणि प्रत्येक दाराची नोंद त्याच्याकडे. त्यानं लिहिलं, ‘हृदय बंद पडले. मृत्यू नैसर्गिक. प्रकरण समाप्त.’

तपासनीसबाई साडेअकराला पोचल्या तेव्हा त्यांना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तसं ते गेली वीस वर्षं उरलेलं नव्हतं. शहरात शेवटचा खून झाला त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. तपासनिसाचं पद रद्द करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून ते राहिलं, आणि पदासोबत बाई राहिल्या. छप्पन वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या, आणि कुणी हसून बोललं की कपाळाला आठ्या पडणाऱ्या. या शहरात सगळेच हसून बोलत, त्यामुळे आठ्या कायमच्या झाल्या होत्या.

खोली लहान होती. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर औषधाची पेटी. शहरात ज्याला ज्याला रोजचं औषध असे, त्याच्या घरी आणि कामाच्या जागी अशी पेटी बसवलेली असे. बटण दाबलं की खालच्या छोट्या खणात एक गोळी पडायची आणि केंद्रात नोंद व्हायची. वेळेआधी दाबलं तर काही पडत नसे. साहेबांना हृदयाची गोळी रोज दहाला.

बाईंनी सवयीनं पेटीवरची चिठ्ठी वाचली. कालची तारीख, ‘संध्याकाळी पाच वाजता तीस गोळ्या भरल्या.’ मग केंद्राची नोंद पाहिली. आज सकाळी दहा वाजता, एक गोळी.

पेटीला पुढून काच होती. बाईंनी चष्मा पुसला आणि बोटानं मोजलं. मग पुन्हा मोजलं.

एकोणतीस असायला हव्या होत्या. पंचवीस होत्या.

२

“शक्यच नाही,” पेटीवाला म्हणाला.

शहरातल्या सगळ्या पेट्यांची देखभाल हाच करायचा. त्याला लोक ‘बिनचूक’ म्हणत, कारण दर दोन वाक्यांनंतर त्याच्या तोंडी तोच शब्द असे.

“तुम्ही काल चार कमी भरल्या असतील.”

“बाई, मी सव्वीस वर्षं पेट्या भरतोय. एक गोळी कमी नाही, एक जास्त नाही. बिनचूक.”

“मग चार गेल्या कुठं?”

“तुम्ही मोजायला चुकला असाल.”

“मोजा तुम्ही.”

त्यानं मोजल्या. पंचवीसच भरल्या. त्याचा चेहरा उतरला, पण ताठा उतरला नाही. “नोंद एकाच गोळीची आहे ना? मग एकच पडली. पेटी खोटं बोलत नाही.”

बाईंना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. दाराची नोंद सांगत होती की काल संध्याकाळी पाचला बिनचूक येऊन गेला, साडेपाचला साहेब घरी गेले. आज साहेब साडेनऊला आले. त्यानंतर दोनच माणसं आत गेली. शहराला शून्य वाचून दाखवणारी निवेदिका, नऊ पन्नास ते दहा आठ. आणि धाकटे साहेब दोनदा, सव्वादहाला दोन मिनिटं आणि मग अकरा-दहाला.

धाकटे साहेब हात चोळत उभे होते. “सव्वादहाला सहीसाठी गेलो होतो, मॅडम. साहेब डोळे मिटून बसले होते. हातानंच ‘नंतर’ म्हणाले. मला वाटलं, थकलेत. पुढच्या आठवड्यात निवृत्त व्हायचे होते.”

“आणि त्यांच्या जागी?”

“मी,” ते म्हणाले आणि उगाचच ओशाळले.

“रोजची नोंदवही कुठं आहे? टेबलावर असते ना?”

“केंद्रात सगळं असतंच की,” धाकटे साहेब म्हणाले, आणि त्यांचे कान कानशिलापर्यंत लाल झाले. या शहरातल्या लोकांना खोटं बोलायची सवयच राहिली नव्हती. पण लाल कान बघून माणूस काय लपवतोय हे कळत नाही, एवढीच पंचाईत.

निवेदिका वरच्या मजल्यावर आपल्या काचेच्या खोलीत बसली होती. पंचेचाळिशीची, सडपातळ. हाताशी थर्मास. तिचा आवाज शहरातल्या तान्ह्या पोरांनाही ओळखीचा होता.

“मी रोज दहाच्या सुमाराला जाते,” ती म्हणाली. “आकडा घ्यायला. घशासाठी आल्याचं गरम पाणी करून आणते, त्यातलं पेलाभर साहेबांनाही देते. नऊ वर्षांचा नेम आहे.”

“आज काय आकडा दिला?”

“रोजचाच. शून्य.”

“आज अठरा मिनिटं बसलात. एरवी पाच मिनिटांत निघता.”

“ते निवृत्त होणार होते,” निवेदिका शांतपणे म्हणाली. “जुन्या गोष्टी निघाल्या.”

आवाजात कंप नाही, कानांवर लाली नाही. बाई जिना उतरताना स्वतःवरच चिडल्या. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि हाताला ओल लागत नव्हती.

३

खरी डोकेदुखी केंद्राची होती. मृत्यूच्या नोंदीत कारणाचे तीनच पर्याय होते. वय, आजार, अपघात. चौथा पर्याय घालायची सोय नव्हती. बाईंनी चौकशी केली तेव्हा पडद्यावर उमटलं, ‘आपली अडचण आम्ही समजू शकतो. प्रकरण समाप्त आहे.’ त्यांनी सात वेळा प्रकरण उघडलं. केंद्रानं सातही वेळा ते अदबीनं बंद केलं.

रक्ततपासणीची परवानगी मिळाली नाही. शेवटी बाई शाळेतल्या मैत्रिणीकडे गेल्या. ती शवागाराची डॉक्टर होती.

“निदान झाल्यावर तपासणी करायची नसते, माहीत आहे ना तुला?” डॉक्टर म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग का आलीस?”

“कारण चार गोळ्या सापडत नाहीत, आणि या गावात कुणालाच त्याचं काही वाटत नाही.”

डॉक्टरनं हातमोजे चढवले. दुपारी तिचा निरोप आला. साहेबांच्या रक्तात रोजच्या पाचपट औषध होतं. इतकं पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासात माणूस गुंगीत जातो आणि मग उठत नाही.

म्हणजे पाचही गोळ्या साहेबांच्याच पोटात गेल्या होत्या. नोंद मात्र एकाच गोळीची.

त्या संध्याकाळी बाईंनी साहेबांच्या खोलीतून आणलेली कापडी पिशवी उघडली. ती खुर्चीच्या पायाशी, टेबलाच्या आत सरकवलेली होती. डबा असेल असं त्यांना वाटलं होतं. आत सुतळीनं बांधलेला कागदांचा भलामोठा गठ्ठा निघाला.

पहिल्या कागदावर कुणीतरी कळवळून लिहिलं होतं की वरच्या मजल्यावरचा माणूस पहाटे वाद्य वाजवतो. दुसरा कागद गळक्या छताबद्दल होता. तिसरा शाळेतल्या बाईंबद्दल. प्रत्येकाच्या कोपऱ्यात साहेबांच्या अक्षरात तारीख आणि क्रमांक होता, काही ठिकाणी खाली ‘स्वतः जाऊन मिटवले’ असा शेरा. शेवटचा क्रमांक होता दोन हजार एकशे चाळीस.

बाईंचे यजमान भाजी निवडत बसले होते. त्यांनी विचारलं, “एवढं काय आहे त्यात?”

“अकरा वर्षांचा शून्य,” बाई म्हणाल्या.

रात्रीचं जेवण बाजूला सारून त्यांनी एकेक कागद क्रमानं लावला. चारशे अकरा होता. चारशे तेरा होता.

चारशे बारा नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाई साहेबांच्या खोलीत पेटीसमोर उभ्या होत्या. केंद्रानं त्यांना एक मेहेरबानी म्हणून औषध नसलेल्या साखरगोळ्यांची परवानगी दिली होती. दर तासाला एक. बटण दाबलं, गोळी पडली, नोंद झाली. पुन्हा दाबलं, काही नाही. जोरात दाबलं, हळू दाबलं, दोन बोटांनी दाबलं. पेटी बिनचूक होती आणि बाईंच्या नाकी नऊ आले होते.

दुपारचे तीन वाजले तेव्हा गुडघे बोंबलत होते. चौथी गोळी काढून त्यांनी वैतागून खण ढकलला. तो पुरता बसला नाही, बोटभर बाहेरच राहिला. बाईंनी तो तसाच एका हातानं दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं पेटीवर थाप मारली. थाप नेमकी बटणावर बसली.

खणात गोळी पडली.

बाईंनी पुन्हा दाबलं. आणखी एक पडली. खण बोटभर उघडा धरला की पेटीला वाटत होतं, पहिलीच गोळी अजून पडायची आहे. केंद्रात नोंद एकच.

त्यांनी बिनचूकला बोलावून समोर करून दाखवलं. त्यानं स्वतः करून पाहिलं. तीन गोळ्या पडल्या. तो खाली फरशीवरच बसला.

“तुम्हाला हे ठाऊक नव्हतं,” बाई म्हणाल्या. “असतं तर त्याच दिवशी दुरुस्त केलं असतं तुम्ही.”

“साहेबांनी एकदा विचारलं होतं,” तो हळूच म्हणाला. “फार वर्षं झाली. म्हणाले, खण नीट बसला नाही तर जास्त गोळ्या पडतात का हो? मी हसलो बाई. म्हटलं, माझी पेटी बिनचूक आहे, साहेब. त्यांनी परत विचारलं नाही.”

बाई त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. साहेबांना हा प्रश्न आपण होऊन सुचला नसणार. कुणीतरी त्यांना लिहून कळवला असणार.

५

“नोंदवही द्या,” त्यांनी धाकट्या साहेबांना गाठून सांगितलं.

“कुठली वही?”

“तुम्ही उचललीत ती. तुमचे कान कालपासून सांगताहेत.”

धाकट्या साहेबांनी कपाटाच्या तळातून वही काढली. “मी काही केलेलं नाही. आत गेलो तर साहेब गेलेले, आणि वही उघडी. कालच्या तारखेपुढे भलताच आकडा. मला वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलं. हे बाहेर आलं असतं तर खात्याची, शहराची…”

“पिशवी का नाही उचललीत?”

“कुठली पिशवी?”

बाईंनी त्यांच्या कानांकडे पाहिलं. ते पांढरेफटक होते. या माणसानं पिशवी पाहिलेलीच नव्हती.

आणि तिथंच गाठ सुटली. ज्याला शून्य वाचवायचा होता त्यानं वही नेली, पण पिशवी त्याला ठाऊक नव्हती, नाहीतर अख्खा गठ्ठा नाहीसा झाला असता. ज्यानं पिशवी उघडली त्यानं एकच कागद काढला, गठ्ठा परत बांधून जागेवर ठेवला आणि उघडी वही तशीच टेबलावर सोडली. त्याला शून्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त एका तक्रारीशी होतं. म्हणजे ही दोन वेगळी माणसं. आणि त्या सकाळी खोलीत माणसं आली होती दोनच.

बाईंनी वही उघडली. साहेबांच्या ठसठशीत अक्षरात, ‘आजच्या तक्रारी : २१४०.’ शेजारच्या रकान्यात आकडा मिळाल्याबद्दल निवेदिकेची सही. वेळ, नऊ पंचावन्न.

तिनं तर शून्य सांगितला होता. बाईंनाही आणि शहरालाही.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, पण अवघड नव्हतं. चारशे अकरा आणि चारशे तेरा या तक्रारींमध्ये सहा दिवसांचं अंतर होतं, साडेनऊ वर्षांपूर्वीचं. त्यानंतरच्या महिन्यात हृदय बंद पडून गेलेले चौघं होते. तिघं ऐंशीच्या पुढचे. चौथा एकोणचाळिसाव्या वर्षी गेलेला, घरी औषधाची पेटी. दोन महिन्यांनी त्याच्या बायकोला तक्रारखात्यात नोकरी मिळाली होती. शिफारस खुद्द तक्रारसाहेबांची.

६

तिसऱ्या दिवशी अकराला वीस मिनिटं असताना बाई काचेच्या खोलीत शिरल्या. धाकटे साहेब त्यांच्या मागोमाग येऊन दारात थांबले. निवेदिका कागद नीट लावत होती.

“तुमचे यजमान गेले ती तारीख शोधायला मला अख्खी संध्याकाळ लागली,” बाई म्हणाल्या.

“एकोणीस,” निवेदिका म्हणाली. “मला विचारायचं ना.”

मग तिनं पर्स उघडली आणि चार घड्या घातलेला कागद पुढे केला. कोपऱ्यात साहेबांचं अक्षर, चारशे बारा. मजकूर चारच ओळींचा. खण पुरता बंद झाला नाही तर जास्त गोळ्या पडतात. यजमानांची नजर कमी आहे, हात थरथरतात. कृपया लवकर कुणालातरी पाठवा.

“तीन आठवडे वाट पाहिली मी,” ती म्हणाली. “मग हे गेले. साहेब घरी भेटायला आले. म्हणाले, तुमची तक्रार वर पाठवली होती, तपासणी झाली, पेटीत दोष नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. औषध मी द्यायला हवं होतं. साडेनऊ वर्षं मी तेच धरून बसले. त्यांनी नोकरी दिली तेव्हा पाया पडले होते मी त्यांच्या.”

“आणि परवा?”

“परवा त्यांनी आकडा दिला. मी सही केली, मग आकडा नीट पाहिला. म्हटलं, हे काय? तर म्हणाले, जायच्या आधी सगळ्या नोंदवून जातो. आणि गठ्ठ्यातून हा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, हा मी कुठंच पाठवला नाही. त्या वेळी शून्य नवीन होता, सगळे खूश होते. मला माफ करा. आणि तोंड झाकून रडायला लागले.” तिनं थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. “मी म्हटलं, तुमच्या गोळीची वेळ झाली. पेटीपाशी गेले. पाठ त्यांच्याकडे होती.”

“त्यांच्या लक्षात आलं असेल?”

“खण वाजतो बाई. पाच वेळा वाजला. आल्याच्या पाण्यात विरघळायला वेळ लागतो, मी ढवळत उभी राहिले. मग पेला दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळा प्यायले. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आता कधीच कळायचं नाही.”

“मग शून्य का वाचलात?”

“तोंड उघडलं तर तेवढंच आलं. नऊ वर्षं माझी स्वतःची तक्रार मीच रोज शून्य म्हणून वाचत होते. जिभेला दुसरं काही येतच नाही.”

दारात धाकटे साहेब घाईघाईनं म्हणाले, “मॅडम, केंद्रानं नैसर्गिक म्हटलंय. कशाला उगाच? शांतपणे मिटवता येईल सगळं.”

“साहेबांनीही अकरा वर्षं तेच केलं,” बाई म्हणाल्या.

त्यांनी खात्याचा एक कोरा तक्रारअर्ज ओढला. मृत्यूच्या नोंदीत खुनाला जागा नव्हती, पण तक्रारीच्या अर्जात ‘तपशील’ या शब्दाखाली अर्धं पान मोकळं होतं. केंद्राला ते बंद करायचं आजवर कारणच पडलं नव्हतं. बाईंनी लिहिलं, ‘तक्रारखात्याच्या प्रमुखांचा खून झाला आहे. तो कसा झाला आणि का झाला, हे मी सांगू शकते.’ खाली सही केली. दुरुस्त न झालेल्या पेटीबद्दल चार ओळी आणखी लिहिल्या. मग वहीत आकडा एकानं वाढवला.

अकराला एक मिनिट होतं. “तुम्ही वाचता की मी वाचू?” त्यांनी विचारलं.

निवेदिकेनं वही जवळ घेतली. धाकट्या साहेबांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला होता. त्यांनी ते दाबलं असतं तर सगळे कर्णे मुके झाले असते. त्यांनी निवेदिकेकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि हात खिशात घातला.

“आज शहरात नोंदलेल्या तक्रारी,” तिचा आवाज पहिल्यांदाच चिरकला, “दोन हजार एकशे एक्केचाळीस.” आणि मग, कुणी सांगितलं नसताना, तिनं चारशे बारावी पूर्ण वाचली.

७

पुढं सगळं सुरळीत झालं असतं तर बाईंच्या आठ्या थोड्या कमी झाल्या असत्या. तसं झालं नाही. केंद्रानं त्या तक्रारीला ‘आपली अडचण आम्ही समजू शकतो’ एवढंच उत्तर दिलं. साहेबांच्या नावापुढे अजून ‘नैसर्गिक’ आहे. चौथा पर्याय घालायचा की नाही यावर एक समिती बसली आहे आणि ती अदबीनं चहा पिते आहे.

शहरात तुरुंग उरला नव्हता. निवेदिकेला वाचनालयाच्या वरच्या खोलीत ठेवलंय. त्या दाराला बाहेरून कडीच नाही, पण ती कुठं जात नाही. तक्रारखात्यासमोर रोज रांग लागते. धाकटे साहेब एकेक कागद स्वतः घेतात आणि प्रत्येकावर शिक्का मारतात. त्यांची तब्येत उतरली आहे.

बिनचूकनं केंद्राच्या आदेशाची वाट पाहिली नाही. तो हत्यारांची पेटी घेऊन दारोदार फिरतो आणि प्रत्येक औषधाच्या पेटीचा खण बदलतो. त्याला आता त्या नावानं हाक मारली की तो वळून बघत नाही.

तपासनीसबाई रोज संध्याकाळी वाचनालयाचा जिना चढतात. एकेका पायरीवर गुडघ्यांना आणि समितीला शिव्या घालतात. निवेदिका खिडकीशी बसलेली असते. ती खटल्याचं विचारत नाही, शिक्षेचं विचारत नाही.

“आज किती पेट्या झाल्या?”

“एकशे सदतीस.”

“राहिल्या किती?”

बाई सांगतात. आकडा फार मोठा असतो. निवेदिका तो मनात घोळवते, आणि बाईंना दिसतं की तिचे ओठ हलताहेत, आवाज न करता.

“हळू चाललंय,” ती म्हणते.

“फारच हळू,” बाई म्हणतात, आणि तिच्या समोरची खुर्ची ओढून बसतात.